टांकसाळीची चूक ओळखावी कशी?

नाण्यांच्या संग्रहाचा नाद नुकताच लागलेल्या मनुष्याला एक मोह हटकून होतो. बाजारांतून आलेले सुटे पैसे चाळतांना त्याला एखादें नाणें जरा निराळें दिसतें. कोठें अक्षर पुसट असतें, कोठें कडा उडालेली असते, कोठें आकडा दुहेरी भासतो. टांकसाळीच्या चुकीच्या नाण्यांना मोठी किंमत येते, ही वार्ता त्याच्या कानीं आधींच आलेली असते. तेव्हां ‘याचें काय येईल?’ हाच प्रश्न त्याच्या तोंडीं प्रथम येतो. वस्तुतः पहिला प्रश्न हा नव्हे. नाणें घडतांना ही चूक कोणत्या पायरीवर झाली, हा पहिला प्रश्न होय. ज्याला याचें उत्तर देतां येतें, त्याला चूक ओळखतां आली असें समजावें. ज्याला तें देतां येत नाहीं, त्याच्या हातांत बहुधा झिजलेलें, ठेचलेलें किंवा कोणी मुद्दाम बिघडविलेलें नाणें असतें.

हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. तो घरच्या पैशाचा आहे. जुनीं व विचित्र नाणीं लाखों रुपयांना विकत घेऊं असें सांगून, नोंदणी, दलाली किंवा कर अशा नांवांखालीं लोकांकडून आधीं पैसे उकळणारे भामटे पुष्कळ झाले आहेत. त्यांच्यापैकीं कित्येकांनीं रिझर्व्ह बँकेचेंच नांव पुढें केलें. अखेर ४ ऑगस्ट २०२१ रोजीं त्या बँकेला जाहीर करावें लागलें कीं, अशा खरेदीविक्रीशीं तिचा कांहीं संबंध नाहीं, ती तिच्यावर कोणतेंही शुल्क वा दलाली मागत नाहीं, आणि तें मागण्याचा अधिकारही तिनें कोणास दिलेला नाहीं. ज्याला नाणें वाचतां येतें, तो अशा जाळ्यांत सहसा सांपडत नाहीं.

आतां चूक म्हणावयाची कशाला? चूक ठरण्यास आधीं कांहीं नियम ठरलेला असावा लागतो. शिवछत्रपतींच्या तांब्याच्या शिवराईचें उदाहरण घ्यावें. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हीं अक्षरें असलेलें हें नाणें हातोड्याच्या घावानें पाडीत. चकती पुष्कळदां ठशाहून लहान असे, आणि ती ठशाच्या नेमक्या मध्यावर बसेच असें नाहीं. त्यामुळें एखाद्या शिवराईवर ‘श्री’ नाहींसा झालेला असतो, तर दुसरीवर शेवटचें अक्षर अर्धेंच उमटलेलें असतें. अक्षरांचें लेखनही निरनिराळ्या ठशांवर निरनिराळें आढळतें. या गोष्टी चुका नव्हेत. तो त्या पद्धतीचा स्वभावच होता. पुढें १८३५ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीनें आपल्या सर्व मुलखासाठीं एकाच वजनाचा व एकाच छापाचा रुपया सुरू केला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, ठरलें. यंत्रानें पाडलेलें प्रत्येक नाणें दुसऱ्यासारखें असलेंच पाहिजे, ही अपेक्षा तेव्हांपासून रुजली, आणि टांकसाळीची चूक ही कल्पनाही तिच्या मागोमाग आली.

यंत्रावर नाणें कसें घडतें, हें म्हणूनच आधीं समजून घेतलें पाहिजे. मिश्रधातु वितळवून व लाटून त्याचा ठराविक जाडीचा पत्रा करतात. घरांत मोठी पोळी लाटून तिच्यांतून वाटीनें पुऱ्या पाडतात, त्याचप्रमाणें या पत्र्यांतून यंत्र कोऱ्या चकत्या पाडतें. चकत्या तापवून मऊ करतात, स्वच्छ करतात, आणि दुसऱ्या एका यंत्रांत चोहोंकडून दाब देऊन त्यांची कडा थोडी उंच करतात. मग चकती एका पोलादी कड्याच्या आंत, दोन ठशांच्या मध्यें येऊन बसते. ठसे जोरानें मिटतात, आणि दोन्ही बाजूंचीं चित्रें व किनारीवरचे दांते एकाच क्षणीं उमटतात. याप्रमाणें चुकीला जागा तीनच आहेत: चकती, ठसा आणि ठोका.

चकतीपासून आरंभ करावा. पुऱ्या पाडतांना वाटी आधींच्या भोंकावर थोडी चढली, तर पुरीचा एक भाग चंद्रकोरीसारखा कापला जातो. टांकसाळींत पत्रा पुढें सरकण्यांत खोट आली कीं हेंच होतें, आणि एका अंगास वाटोळी खांच असलेलें नाणें बाहेर पडतें. अशी खांच कानशीनेंही पाडतां येते. मग खरी कोणती? खऱ्या नाण्यांत खांचेच्या बरोबर समोरची कडा बहुधा दबलेली व अस्पष्ट असते. याचें कारण असें कीं, कडा उचलणाऱ्या यंत्रांत चकती समोरासमोरच्या दोन बाजूंनीं दाबली जाते. एका बाजूस धातूच नसेल, तर समोरच्या बाजूसही पुरता दाब बसत नाहीं. या खुणेला ब्लेक्सली परिणाम असें नांव आहे. शिवाय खांचेजवळचीं अक्षरें तिच्या दिशेनें ताणलेलीं व पसरट दिसतात, कारण ठोका बसला तेव्हां धातु त्या मोकळ्या जागेकडे सरकलेला असतो. कानशीच्या नाण्यांत मात्र अक्षर अर्ध्यावर तुटलेलें असतें आणि समोरची कडा अगदीं शाबूत असते.

चकतीची दुसरी चूक वजनावरून कळते. एका किमतीच्या चकत्यांत दुसऱ्या किमतीची चकती चुकून शिरली, म्हणजे छाप एकाचा व अंग दुसऱ्याचें असें नाणें तयार होतें. २०११ पासूनच्या मालिकेंतील रुपयाचें वजन ३.७९ ग्रॅम व व्यास २२ मिलिमीटर आहे. त्याच मालिकेंतील दोन रुपयांच्या नाण्याचें वजन ४.८५ ग्रॅम व व्यास २५ मिलिमीटर आहे. दोन रुपयांचा छाप रुपयाच्या चकतीवर बसला, तर छापाचा कडेचा भाग चकतीबाहेर जाईल आणि तराजू ३.७९ च्या आसपास आंकडा दाखवील. वजन या दोहोंपैकीं एकाशींही जुळत नसेल, तर कडा घांसल्याचा संशय प्रथम घ्यावा.

लोहचुंबकही येथें उपयोगी पडतो. १९८३ ते १९९१ या काळांतील तांबें व निकेल यांच्या मिश्रणाच्या रुपयाला चुंबक ओढत नाहीं. १९९२ पासूनच्या पोलादी रुपयाला ओढतो. अमेरिकेंतील एक प्रसिद्ध प्रकरण याच परीक्षेवर उभें आहे. युद्धासाठीं तांबें वांचावें म्हणून १९४३ मध्यें तेथें जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे सेंट पाडले. परंतु आधींच्या वर्षींच्या तांब्याच्या थोड्या चकत्या यंत्रांतून गेल्या आणि त्यांवरही १९४३ उमटलें. हे तांब्याचे सेंट अत्यंत दुर्मिळ ठरले, तेव्हां पोलादी सेंटावर तांब्याचा मुलामा चढवून विकणारेही निघाले. त्यांचें बिंग फोडण्यास एक लहानसा चुंबक पुरतो.

ठशाच्या चुकांसाठीं एक नियम पाठ करावा. ठशावर जें खोल तें नाण्यावर उंच, आणि ठशावर जें उंच तें नाण्यावर खोल. ठशाला तडा गेला, तर त्या फटींत धातु शिरतो आणि नाण्यावर केंसासारखी उंच रेघ उठते. ठशाच्या कडेचा तुकडाच उडाला, तर त्या जागीं चित्राऐवजीं धातूचा ओबडधोबड फुगवटा येतो. याच्या उलट, नाणें गल्ल्यांत किंवा रस्त्यावर ओरखडलें, तर रेघ खोल असते. उंच व खोल यांतला फरक बारीक रेघेंत चटकन कळत नाहीं. अशा वेळीं नाणें दिव्याखालीं तिरपें धरावें आणि रेघेची उजळ व काळी बाजू शेजारच्या अक्षरांशीं ताडून पाहावी. अक्षरें उंच असतात हें ठाऊकच आहे. रेघेवरील उजेड व सावली अक्षरांसारखीच पडत असेल, तर रेघ उंच. उलट पडत असेल, तर ती खोल समजावी. नवशिक्याला हा एकच धडा नीट साधला, तरी त्याच्या अर्ध्याअधिक शंका जागच्या जागीं मिटतात.

ठशाच्या चुकीचें दुसरें लक्षण असें कीं, ती एकटी नसते. एक ठसा हजारों नाणीं पाडतो. म्हणून तीच खूण त्याच जागीं दुसऱ्या नाण्यांवरही असली पाहिजे. फिलाडेल्फिया येथील टांकसाळींत १९५५ सालीं असेंच झालें. त्या काळीं ठसा तयार करतांना मूळ उठावाचा नमुना त्यावर एकाहून अधिक वेळां दाबीत. एका ठशाच्या बाबतींत दुसऱ्या दाबाच्या वेळीं तो किंचित् फिरला, आणि सेंटाच्या दर्शनी बाजूवरील अक्षरें व सन नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतके दुहेरी झाले. चूक लक्षांत आली तोंवर तीं नाणीं चांगल्या नाण्यांच्या ढिगांत मिसळलीं होतीं, आणि वीस हजारांहून अधिक सेंट व्यवहारांत गेले असा अंदाज आहे. या सर्वांचें दुहेरीपण हुबेहूब एकसारखें आहे, आणि तोच त्यांच्या खरेपणाचा पुरावा मानतात.

सर्वच दुहेरी अक्षरें मात्र या मोलाचीं नसतात. ठोक्यानंतर सैल झालेला ठसा हादरला आणि नुकत्याच उमटलेल्या अक्षराला घसटला, तर अक्षराच्या एका अंगास सपाट पायरी पडते. अशा नाण्यांत अक्षर मुळापेक्षां बारीक झालेलें असतें. ठशावरच दुहेरी उमटलेल्या अक्षराला उलट जाडी येते आणि त्याच्या टोकांशीं दुभंगल्यासारखी खांच दिसते. पहिला प्रकार अगदीं सामान्य असून त्याला संग्राहक फारशी किंमत देत नाहींत. दुहेरीपणाच्या ज्या बातम्या नवशिके आणतात, त्यांतल्या पुष्कळ या पहिल्या प्रकाराच्या निघतात.

तिसरी जागा ठोक्याची. चकती ठशांच्या मध्यावर नसतांना ठोका बसला, तर छाप एका बाजूस सरकतो आणि दुसरीकडे कोरी चंद्रकोर राहते. अशा नाण्यावर सन वाचतां येत असला, तर त्याला अधिक मान असतो. पोलादी कडें जागेवर नसलें, तर धातु चोहोंकडे पसरतो. नाणें नेहमींपेक्षां रुंद व पातळ होतें आणि किनारीवरचे दांते उमटत नाहींत. सर्वांत नवल वाटावें असा प्रकार म्हणजे आधींचें नाणें ठशाला चिकटून राहणें. पुढच्या चकतीला त्या बाजूनें ठसा भेटतच नाहीं; चिकटलेलें नाणेंच ठशाचें काम करतें. परिणामीं एका बाजूस नेहमींचें उंच चित्र, तर दुसऱ्या बाजूस तेंच चित्र आरशांतल्यासारखें उलटें व खोल असें नाणें जन्माला येतें. भारतांतील संग्राहक यालाच ‘लखी’ म्हणतात. पकडींत दोन नाणीं एकमेकांवर दाबूनही याची नक्कल करतात. परंतु त्या नकलेंत मूळ चित्राचे अवशेष खोल ठशाखालीं दिसत राहतात आणि पाठीमागची बाजू चेपलेली असते.

दोन्ही बाजूंची दिशा पाहणें हीही ठोक्याच्याच सदरांतील गोष्ट. भारतीय गणराज्याचें नाणें उभें धरून, दाराच्या पाखीप्रमाणें बाजूस फिरविलें, कीं मागील चित्रही सरळ उभें दिसावें अशी येथील रीत आहे. अमेरिकेंतील नाण्याचें चित्र त्याच रीतीनें फिरविल्यास उलटें दिसतें. तेथें तोच नियम आहे. म्हणून परदेशांतून आलेला सेंट उलटा दिसला, तर ती टांकसाळीची चूक नव्हे. भारतीय नाण्याच्या दोन बाजूंत मात्र काटकोनाएवढा किंवा त्याहून मोठा फरक पडला असेल, तर ठसा सैल होऊन फिरल्याची ती खूण होय.

चुकीसारख्या दिसणाऱ्या, परंतु चुका नसलेल्या गोष्टींची ओळख यानंतर करून घ्यावी. भारतीय नाण्यांवर सनाच्या खालीं टांकसाळीची खूण असते: मुंबईची पत्त्यांतील चौकटीसारखी, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची कांहींच खूण नसते. तेव्हां खूण नसलेलें नाणें म्हणजे खूण राहून गेलेलें नाणें नव्हे. तें बहुधा कोलकात्याचें असतें. अमेरिकेंत १९२२ सालीं सेंट फक्त डेन्व्हर येथें पाडले गेले. म्हणून त्या सनाच्या ज्या सेंटावर डेन्व्हरचें अक्षर नाहीं, त्यावर ठशाचा दोष सिद्ध करतां येतो; आणि म्हणूनच तें अक्षर खरवडून काढण्याची लबाडीही तेथें झाली. भारतांत कोलकात्यामुळें तसा तर्क चालत नाहीं. १९८५ च्या रुपयावर सनाखालीं ‘एच’ हें अक्षर आढळलें, तरी चकित होऊं नये. तो बर्मिंगहॅम येथें पाडून आणलेला रुपया आहे.

छापांतील बदल ही दुसरी फसवी गोष्ट. दहा रुपयांच्या कांहीं नाण्यांवर रुपयाचें चिन्ह आहे, कांहींवर नाहीं. तें चिन्हच मुळीं २०१० मध्यें ठरलें, म्हणून आधींच्या नाण्यांवर तें असणें शक्य नाहीं. हा फरक पाहून दुकानदार नाणीं नाकारूं लागले, तेव्हां १७ जानेवारी २०१८ रोजीं रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला कीं, तोंवर निघालेले चौदाही छाप खरे व चलनी आहेत. २०१२ मध्यें निघालेलीं वैष्णोदेवीचीं पांच व दहा रुपयांचीं नाणीं स्मारक म्हणून काढलेलीं आहेत. त्यांत टांकसाळीची कोणतीही चूक नाहीं. १९४३ ते १९४७ या काळांतील भोंकाच्या पैशाचें भोंकही धातु वांचविण्यासाठीं ठरवून ठेवलेलें होतें. तें मध्यापासून सरकलेलें असेल किंवा मुळींच नसेल, तर मात्र विचार करावा.

चित्रकाराची चूक आणि टांकसाळीची चूक यांतही अंतर आहे. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती असा कोरला गेला कीं, त्याची सोंड आंखूड दिसून लोकांना तो डुकरासारखा वाटला. त्यावरून ओरड झाली आणि १९१२ च्या रुपयावर हत्ती नव्यानें कोरण्यांत आला. ‘डुकराचा रुपया’ म्हणून त्या नाण्याची अजून आठवण निघते. परंतु टांकसाळीनें तें नाणें तिला दिलेल्या चित्राप्रमाणें अगदीं बिनचूक पाडलें होतें.

उरतें तें टांकसाळीबाहेर झालेलें नुकसान. आम्लांत बुडविलेलें नाणें सगळीकडून सारखें पातळ होतें व त्याचीं अक्षरें विरघळल्यासारखीं दिसतात. दोन धातूंच्या दहा रुपयांच्या नाण्याचा मधला भाग ठोकून काढलेला असतो. ‘शोले’ या १९७५ च्या चित्रपटानें दोन्ही बाजूंस छापा असलेलें नाणें घरोघरीं माहीत केलें. बाजारांत मिळणारीं तशीं नाणीं बहुतेक दोन नाणीं कोरून एकमेकांत बसविलेलीं असतात, आणि कडेच्या आंतल्या अंगास भिंगानें त्यांचा सांधा दिसतो.

हें सर्व शिकण्यास फार खर्च लागत नाहीं. दहापट मोठें दाखविणारें भिंग, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत तोलणारा लहान तराजू, व्यास मोजण्याचें माप, चुंबक आणि एक वही एवढी सामुग्री पुरते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच किमतीचीं व त्याच सनाचीं पांच-दहा साधीं नाणीं. ज्यानें साधा रुपया नीट न्याहाळला नाहीं, त्याला बिघडलेला रुपया कळणार नाहीं. नाणें नेहमीं कडांनीं धरावें आणि तें राखेनें, चिंचेनें वा लिंबानें कधींही घांसूं नये. घांसल्यानें चकाकी येते, परंतु पृष्ठभागावरचा सगळा पुरावा पुसला जातो. वहींत प्रत्येक संशयित नाण्याची किंमत, सन, टांकसाळ, वजन व व्यास टिपावा. खूण उंच आहे कीं खोल हें लिहावें. आणि शेवटीं चकती, ठसा व ठोका यांपैकीं एक शब्द लिहावा. तो लिहितां येत नसेल, तर ती जागा कोरी सोडावी, आणि तोंवर त्या नाण्यासाठीं कोणास पैसे देऊंही नयेत व कोणाकडून मागूंही नयेत.

पहिल्या वर्षांत पुष्कळशीं नाणीं नुकसानीचींच निघतात. त्यांनीं निराश होऊन तीं खर्चून टाकण्याचें कारण नाहीं. कानशीचें एक, पकडींत दाबलेलें एक, आम्लाचें एक, अशीं चारदोन नाणीं कारणासह चिठ्ठी लावून निराळ्या डबींत ठेवावीं. पुढें एखादा विक्रेता मोठ्या ऐटीनें दुर्मिळ नाणें समोर ठेवील, तेव्हां खरेंखोटें पारखण्यास हीच डबी उपयोगी पडते.